पुस्तकातल्या मुलांना काहीतरी करू द्या की!

मुलांच्या आणि टीनएज कादंबऱ्यांबद्दल आलेल्या प्रश्नांना यावेळी आमच्याच एका वाचक मैत्रिणीने उत्तरं दिली आहेत. ती दहावीत आहे, हाताला लागेल ते वाचते आणि तिची मतं ठाम आहेत.

प्रश्न: मुलगा तेरा वर्षांचा आहे. आधी गोष्टीचं पुस्तक हातातून सोडायचा नाही, आता एकही पूर्ण करत नाही. हे फोनमुळेच ना?

काकू, फोन आहेच, नाही म्हणत नाही, पण सगळं त्याच्यावर ढकलू नका. या वयात काय होतं माहितीये का, बोलणाऱ्या प्राण्यांची पुस्तकं एकदम लहान वाटायला लागतात आणि मोठ्यांच्या कपाटातलं पुस्तक काढलं तर त्यात चाळिशीतल्या माणसाचे प्रॉब्लेम असतात, ज्यांच्याशी आपलं काही घेणंदेणं नसतं. मधलं काही सापडतच नाही. मराठीत तर हा मधला कप्पा मला फारच रिकामा वाटतो. मिलिंद बोकीलांची 'शाळा' 2004 मध्ये आली, ती काही खास मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही, पण आमच्या वयाचे खूप जण ती एकमेकांकडून मागून वाचतात, कारण त्यातला मुकुंद नववीत आहे, त्याला वर्गातली एक मुलगी आवडते आणि मित्रांबरोबर बसून तो जे बोलतो ते खरंच मुलं बोलतात तसं आहे. काळ आणीबाणीचा आहे, पण मुलांना जेवढी कळेल तेवढीच ती येते, मध्येच थांबून कोणी इतिहास समजावत बसत नाही.

अजून एक, पुस्तकातला मुलगा वाचणाऱ्यापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठा असेल तर आम्ही पटकन वाचतो, कारण पुढे आपलं काय होणारे ते बघायचं असतं. तेरा वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्या पोराची गोष्ट दिलीत तर त्याला अपमान वाटेल. आणि प्लीज काकू, वाचून झाल्यावर 'मग काय शिकलास?' असं विचारू नका. मॅच बघितल्यावर विचारतो का कोणी असं? 'तो असा का वागला असेल रे?' एवढंच विचारा, तो आपोआप बोलायला लागेल.

प्रश्न: ताई, मी सहावीत आहे. कादंबरी चांगली की वाईट हे तू कसं ठरवतेस?

मी आधी बघते की गुंता कोण सोडवतं. म्हणजे दोनशे पानं मुलं धडपडतात, घाबरतात, प्लॅन करतात आणि शेवटी एक समजूतदार काका किंवा पोलीस येऊन सगळं ठीक करून जातात, असं असेल तर मला चिडायलाच होतं. मग ती दोनशे पानं कशाला होती?

मार्क ट्वेनची 1884 सालची 'हकलबरी फिन' घे. हक नावाचा मुलगा आणि गुलामीतून पळालेला जिम तराफ्यावरून नदीतून चाललेले असतात आणि पुढे जिम पकडला जातो. हकला लहानपणापासून हेच शिकवलंय की पळालेल्या गुलामाला मदत करणं म्हणजे चोरी, पाप. म्हणून तो जिमच्या मालकिणीला पत्र लिहितो की तुमचा माणूस इथे आहे. लिहून झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटतं. पण मग तो विचार करत बसतो आणि त्याला जिम आठवत राहतो, रात्री स्वतःचा पहारा संपला तरी हकची झोप मोडू नये म्हणून त्याचाही पहारा करणारा जिम, आणि शेवटी हक म्हणतो की ठीक आहे, जाईन मी नरकात, आणि पत्र फाडून टाकतो. आजूबाजूला एकही मोठा माणूस नाही, सगळं जग सांगतंय की तू चुकतोयस, आणि एक मुलगा एकट्याने ठरवतो. मला हेच हवं असतं.

आणि म्हणूनच त्याच पुस्तकाचा शेवट मला अजिबात पटत नाही. हकचा मित्र टॉम सॉयर येऊन सगळा ताबा घेतो आणि मग कळतं की मालकिणीने मरायच्या आधी मृत्युपत्रात जिमला सोडून दिलेलंच होतं. एवढ्या मोठ्या निर्णयाचं काय झालं मग? पुस्तक फेमस आहे म्हणून गप्प बसायचं नाही, तुलाही असं कुठे खटकलं तर बिनधास्त सांग.

प्रश्न: मी शिक्षक आहे. हल्ली मुलांच्या कादंबऱ्यांमध्ये मृत्यू, घटस्फोट असले विषय येतात. हे त्या वयात वाचायला द्यावं का?

सर, द्यावं. ज्या मुलांच्या घरी हे घडतं, तिथे ते वय बघून थांबत नाही ना. फक्त ते कसं लिहिलंय ते बघा. कॅथरीन पॅटरसन यांची 'ब्रिज टू टेराबिथिया' ही 1977 ची कादंबरी आहे, त्यांच्या मुलाची मैत्रीण वीज पडून गेली आणि त्यातून त्यांनी ती लिहिली. त्यात जेस नावाच्या मुलाची सगळ्यात जवळची मैत्रीण लेस्ली बुडून जाते. रडारड तर कोणीही लिहील, पण जेसच्या मनात एका क्षणी असंही येतं की ज्याची बेस्ट फ्रेंड गेली असं माझ्या वयाचं दुसरं कोणीच मला माहीत नाही, म्हणजे मी आता कोणीतरी स्पेशल आहे. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. इतकं खरं, इतकं कोणाला सांगता न येणारं, आणि लेखिका त्याला त्यावरून रागावत नाही, त्याला वाईट ठरवत नाही. असं पुस्तक वाचलेल्या मुलाला निदान एवढं कळतं की असले विचार फक्त माझ्याच डोक्यात येत नाहीत. दुःख आलं की लगेच शेजारी बोध ठेवणारी पुस्तकं मात्र नका देऊ सर, ती आम्ही वाचतो आणि विसरतो.

प्रश्न: पुस्तक अर्धवट सोडलं तर चालतं का?

चालतं. पन्नासेक पानं वाचून बघ, नाही जमलं तर सोड, पुढच्या वर्षी कदाचित तेच आवडेल. फक्त आईबाबांनी आणलंय म्हणून ओढत नेऊ नकोस, त्याने वाचायचीच इच्छा जाते.

प्रश्न: मी पंधरा वर्षांची आहे, मला टीनएजर्सवर कादंबरी लिहायचीये. सगळे म्हणतात आधी मोठी हो, अनुभव घे.

अगं, मोठे झाल्यावर ते विसरतात हाच तर प्रॉब्लेम आहे! एस. ई. हिंटन यांनी 'द आउटसायडर्स' पंधराव्या वर्षी लिहायला घेतली आणि 1967 मध्ये ती छापून आली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. मुलांच्या दोन गँगची गोष्ट आहे, आणि मुलीने लिहिलीय म्हणून समीक्षकांनी बाजूला टाकू नये यासाठी प्रकाशकांनी पूर्ण नावाऐवजी नुसती आद्याक्षरं छापली. त्या लिहायला बसल्या त्याचं कारणच हे होतं की आपल्या वयाच्या मुलांचं खरं आयुष्य पुस्तकात कुठे दिसत नव्हतं.

तर लिही. एकच सांगते, आत्ता चालू असलेले सगळे स्लँग भरू नकोस, दोन वर्षांत ते जुने होतात आणि मग वाचताना विचित्र वाटतं. भांडणं, चिडणं, मेसेज टाइप करून पाठवायच्या आधी डिलीट करणं, हे लिही. आणि पहिलं प्रकरण झालं की बाईंना नाही, वर्गातल्या कमी वाचणाऱ्या एखाद्या मुलीला आधी वाचायला दे. ती पान उलटून पुढचं मागते का तेवढं बघ.