सातच दे

प्रिय,

शनिवारी तू टेबलावर कोरलेल्या सात लाकडी फळ्या मांडल्यास आणि तासभर ज्या पाच नाहीत त्यांच्याबद्दलच बोलत राहिलीस. गॅलरीला ख्रिस्ताचे बारा दृष्टांत हवेत, कॅटलॉगमध्ये बारा छापून झालेत, उद्घाटनाला पाच आठवडे उरलेत, मग उरलेल्या पाच लेझरवर कापून घेऊ का, का जुनीच स्केचेस चढवू? मी काहीबाही बोललो, मग चिडलो. तू उठून गेलीस तेव्हा प्रूफ, म्हणजे कच्चा छाप, घासून काढायचा माझा चमचाही तुझ्या पिशवीतून गेला, हे मला रात्री कळलं. तोंडी जे धड सांगता आलं नाही ते आता लिहितो. सातच दे.

काम चांगलं आहे का, हे तू तीनदा विचारलंस. वाईट असतं तर मी चिडलो नसतो, एवढ्यावर समज.

तू विषयच असा घेतलास की चित्रकार मिलेला टाळता येत नाही. १८५७ साली लंडनच्या डॅलझील बंधूंनी जॉन एव्हरेट मिलेला ख्रिस्ताच्या दृष्टांतांवर चित्रं काढायला सांगितली. ठरली होती तीस. मिले तेव्हा २८ वर्षांचा, नाव झालेला, हातात तेलरंगाची कामं. आणि डॅलझील म्हणजे त्या काळातला लाकडी ठशांचा मोठा कारखाना. मासिकं असोत, कविता असोत, नाहीतर पोरांची पुस्तकं, सगळ्यांचे ब्लॉक तिथे कोरले जायचे. त्यांना वाटलं असेल वर्षा-दोन वर्षांत पुस्तक होईल. लागली सहा. त्यातली बारा चित्रं १८६३ मध्ये ‘गुड वर्ड्स’ मासिकात आली, आणि राउटलेज प्रकाशनाचं पुस्तक, ज्याच्यावर १८६४ साल छापलंय, त्यात एकूण चित्रं किती? वीस. मिलेने डॅलझीलांना कळवलं होतं की साधी चित्रं मीही इतरांइतकीच भराभर काढतो, पण ही तशी नव्हेत; एकेक दृष्टांत मी डझनभर वेळा काढतो तेव्हा कुठे एक ठरतो. दहा चित्रं आलीच नाहीत. आज ते पुस्तक हातात घेऊन कुणी विचारत नाही, उरलेली दहा कुठायत?

आता तू म्हणशील, तो मिले होता. हो, होता. त्याची भक्ती करायला मी सांगत नाही. ह्याच माणसाने १८८६ मध्ये साबणाचे फुगे उडवणारा एक गोड मुलगा रंगवला आणि ते चित्र पेअर्स साबणाच्या जाहिरातीत जाऊन बसलं. ‘सर’ही झाला, पुढे रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष झाला, आणि त्याच्या उत्तरायुष्यातली पुष्कळ चित्रं मला बघवत नाहीत. पण दृष्टांतांच्या वेळी तो अडून बसला. तेवढ्यापुरतं त्याचं ऐक. सातच दे.

तुझा दुसरा मुद्दा मला आवडला, म्हणून त्याला उत्तर देतो. तू म्हणालीस, दृष्टांतातल्या बाईकडे दहा नाणी असतात, एक हरवतं, तर ती दिवा लावून सगळं घर झाडते. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं सोडून एकाच्या मागे जातो. मग मी पाच कशा सोडू? अगं, ते नाणं तिचं होतं. गाठीला होतं, मग हरवलं. तुझ्या पाच फळ्या अजून झाल्याच नाहीत, त्या हरवतील कशा? जे नाहीच त्याच्यासाठी घर झाडत बसलीस तर आहेत ती सात केरात जातील.

नाण्याचा विषय निघालाच आहे तर मिलेचा तो प्रिंट एकदा नीट बघ. मोबाइलवर बोटांनी मोठा करून नको. त्याच आकारात छापून घे, साधारण १४ सेंटीमीटर उंच, ११ रुंद, म्हणजे तुझ्या तळहातापेक्षा थोडा मोठा. बाई वाकलेली, एका हातात झाडू, दुसऱ्यात मेणबत्ती. ती बघतेय जमिनीकडे. आपल्याकडे नाही आणि आकाशाकडे तर नाहीच. कुठे किरण नाहीत, देवदूत नाही. उजेड मेणबत्तीपासून तिच्या अंगावर आणि जमिनीवर जेवढा पोचेल तेवढाच, बाकी खोली काळी. दृष्टांत सांगायचा म्हणून त्याने बाईला पुण्यवान केलेलं नाही. ती शोधतेय, बस्स. तुझ्या नाण्याच्या फळीत ज्योतीभोवती जे फटाक्यासारखे फटकारे आहेत ते कशाला आलेत? तुला भीती वाटली की लोकांना कळणार नाही. कळतं. महानुभावांच्या दृष्टांतांत तरी दिवे कुठे लावून ठेवलेत?

आणि हे ज्यांनी कोरलं त्यांच्याकडेही बघ. आपण फळीवर काम करतो, लाकडाच्या रेषेच्या अंगाने. ते बॉक्सवूडच्या खोडाच्या आडव्या कापावर करायचे. तिथे रेषेचा त्रास नसतो, लाकूड हाडासारखं घट्ट, ब्युरिन, म्हणजे कोरायचं हत्यार, कुठल्याही दिशेने वळतं. ब्लॉकची उंची छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांइतकी, म्हणजे मजकुरासोबत एकाच चौकटीत आवळून छापता येतो. चित्रकार ब्लॉकच्या पांढऱ्या लेपावर काळ्या रेषांनी काढणार, आणि कोरणारा त्या रेषा उभ्या ठेवून मधलं सगळं कोरून टाकणार. चित्रकाराला आडव्या-उभ्या रेषांची जाळी मारायला एक क्षण लागतो. कोरणाऱ्याला त्या जाळीतला एकेक पांढरा चौकोन भिंगाखाली वेगळा उचलावा लागतो, असे शेकडो, आणि एक जरी रेष तुटली तरी ती सहजी परत जोडता येत नाही. मिलेचा समकालीन चित्रकार-कवी रोझेटी डॅलझीलांच्या कोरणीवर इतका वैतागला होता की त्याने त्यांच्यावर विडंबनाच्या ओळी लिहिल्या. मिले मात्र प्रुफांवर खुणा करून परत पाठवायचा, इथे रेष बारीक करा, इथे थोडं उजळा. पुन्हा प्रूफ, पुन्हा खुणा. सहा वर्षं उगाच नाही गेली.

लेझरबद्दल माझं म्हणणं एवढंच की मशीन वाईट नाही. पण मशीनला स्केच लागतं, आणि तुझ्या पाचांपैकी एकाचंही स्केच दुसऱ्यांदा काढलेलं नाही. पहिल्यांदा काढलेलं कच्चं स्केच लेझरने कापलंस तर हाती येईल ते अगदी अचूक कापलेलं कच्चं स्केच.

आता माझं ऐक. हे मी कुणाला फारसं सांगत नाही. तिशीत असताना मला एका पुस्तकाची सोळा चित्रं मिळाली होती, लाकडात. नऊ मनासारखी झाली. मग पावसाळा, प्रेसची तारीख, घरी पहिलं मूल. उरलेली सात मी चार रात्रींत उरकली. पुस्तक वेळेवर निघालं, पैसे वेळेवर आले, सगळे खूश. त्यातल्या एका चित्रात बैल आहे, त्याच्या मागच्या पायांना गुडघाच नाही. कुणाच्या घरी ते पुस्तक दिसलं की माझा हात आपोआप त्याच पानाकडे जातो. त्या नऊ चित्रांबद्दल आजवर मला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि मलाही त्यांच्याबद्दल बोलावंसं वाटत नाही, कारण मध्ये तो बैल उभा आहे. मला कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं, नऊच दे.

त्यानंतर मी अडेल झालो. पुढच्या एका कामाला अडीच वर्षं लावली. माझ्यासाठी ब्लॉक साफ करून प्रूफ काढणारा एक कारागीर होता, त्याचा हात माझ्याहून स्थिर. त्याला पैसे काम संपल्यावर मिळायचे, आणि मी ते संपवत नव्हतो. एका दिवाळीनंतर तो आलाच नाही, फ्लेक्सच्या दुकानात लागला. मी त्याला सुरुवातीलाच सांगितलं होतं, उशीर होईल. सांगितलं होतंच. त्याने मान डोलावली होती. आणि मी घाई केली असती तर काम बिघडलं असतं, त्याचंही नाव त्यात गेलं असतं... नाव म्हणजे काय म्हणा, त्याचं नाव कुठे छापलं नव्हतंच.

डॅलझीलांच्या प्रिंटांवरही खाली एकच आडनाव कोरलेलं असतं. त्यांची बहीण मार्गारेट कोरायची, आणि पगारावर कितीतरी माणसं कोरायची. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांच्या कारखान्याची सुमारे ५४,००० प्रुफं आहेत, जाड वह्यांत चिकटवलेली. मिले जेव्हा तिसऱ्यांदा खुणा करून पाठवत होता, तेव्हा त्या भिंगामागे बसलेल्याला कसं वाटत असेल, हा विचार माझ्या मनात यायला पन्नाशी उलटावी लागली. तरीही मी म्हणेन की मिले बरोबर होता. तुझ्याकडे निदान असा कुणी ताटकळलेला माणूस नाही. ताटकळणार ती गॅलरी, आणि तिला कॅटलॉगमध्ये एक चिठ्ठी घालता येते.

पोशाखाचं तू विचारलं होतंस. फार डोकं लावू नकोस. मिलेने काहींना फेटे घातले, काहींना नाही, आणि मागचे डोंगर, झाडं, खडकाळ जमीन त्याला स्कॉटलंडमधल्या पर्थच्या आसपास दिसली तशी काढली, कारण त्याची सासुरवाडी तिथली आणि ते त्याच्या नजरेसमोर होतं. त्याच्या ‘खमीर’ चित्रातली बाई पीठ मळतेय, शेजारी पोरगी उभी आहे. असं पीठ तू रोज बघतेस. तुझी उधळ्या पुत्राची फळी चांगली का झाली माहितीये? त्यातला बाप तुझ्या आजोबांसारखा पाय फेंगडे टाकत धावतोय. बाकी मी काही सांगत नाही.

गॅलरीच्या बाईंना आज रात्री फोन कर. मेल करू नकोस, मेलमध्ये तू फार माफी मागतेस. ‘सात आहेत’ एवढंच सांग. ‘फक्त सात’ म्हणू नकोस. त्या रागावल्या तर रागावू देत. काढून टाकलं तर काढलं. फळ्या तुझ्याच राहतील. माझ्यावर ढकलायचं असेल तर ढकल, म्हण की आमचे सर हट्टी आहेत, त्यांना सगळे ओळखतात.

आणि गुरुवारी ये. नाण्याची फळी आण, ते फटकारे आपण बघू. कापलेलं सहजी परत भरता येत नाही, पण ज्योतीच्या बाजूचं अजून थोडं काढलं तर ते फटकारे उजेडात मिसळून जातील, असं मला शनिवारपासून वाटतंय. जपानी कागद माझ्याकडे दोन ताव शिल्लक आहे. चमचा मात्र विसरू नकोस, दुसऱ्या चमच्याने माझा हात बसत नाही.

तुझा,
सर