बँक कर्मचाऱ्यांना भावनिक बुद्धिमत्ता शिकवताना : नव्या प्रशिक्षकास

आपले हे पहिलेच सत्र असल्याने भावनिक बुद्धिमत्तेच्या, म्हणजे स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखून हाताळण्याच्या क्षमतेच्या, व्याख्या कमी ठेवा आणि काउंटरवरचे प्रसंग अधिक घ्या. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या, पण यंत्रावर बोटांचे ठसे न उमटल्याने चिडलेल्या निवृत्तिवेतनधारकाचा प्रसंग दोघांकडून वठवून घ्या आणि रोखपालाला आधी स्वतःचा आवाज नेमका कुठे चढला हे ओळखू द्या. ग्राहकाची भावना ओळखणे त्यानंतरचे.

सुरुवातीच्या चुका साधारण याच असतात :

- ‘हसतमुख राहा’ एवढ्यावरच थांबणे, जे दिवसअखेर रोकड जुळवणाऱ्या माणसाला (रास्तच) टोचते.
- शाखाधिकाऱ्यांसमोर कर्मचाऱ्यांना मन मोकळे करायला लावणे.
- सहानुभूती म्हणजे नियमांत सवलत, असा समज होऊ देणे. केवायसीची कागदपत्रे मागावीच लागतात, ती कोणत्या शब्दांत मागावीत याचा सराव घ्या.

चाचण्या आणि गुणांकन तूर्त बाजूला ठेवा.