वाचकांचे प्रश्न : बूस्टचे तीन आकडे, गाडी एकच

प्रश्न : माझी 2021 ची पोलो 1.0 टीएसआय आहे. दिवाळीनंतर रीमॅप करून घेतली, म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं सेटिंग बदलून ताकद वाढवली. करणारा म्हणाला, 1.2 बार बूस्ट मिळेल, म्हणजे टर्बो बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब देईल. काट्याचा बूस्ट मीटर बसवला, पण मेकॅनिकने त्याची नळी कुठे जोडली ते मी पाहिलं नाही. फुल थ्रॉटलला मीटर 1.25 दाखवतो, तर मोबाइलवरचं अ‍ॅप 1.10. आयडलला माझा काटा शून्यावरच असतो. मित्राच्या पेट्रोल टर्बोचा काटा मात्र उणे 0.6 पर्यंत खाली जातो. महाबळेश्वरला माझा मीटर 1.35 च्या आसपास गेला. मीटर बदलू की पुन्हा रीमॅप करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही नको. तुमच्या पत्रातले सगळे आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, आणि मला तरी ते तसेच दिसतात.

आयडलपासून सुरू करू, कारण खरी माहिती तुम्ही तिथेच दिली आहे. पेट्रोल इंजिन आयडलला असताना थ्रॉटल, म्हणजे आत जाणारी हवा अडवणारी झडप, जवळजवळ मिटलेला असतो आणि त्याच्या पलीकडे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) चांगलाच व्हॅक्यूम असतो. मित्राचा काटा तो व्हॅक्यूम दाखवतो. तुमचा शून्यावर बसतो, म्हणजे तुमची नळी थ्रॉटलच्या अलीकडे, टर्बोकडून येणाऱ्या पाइपावर जोडलेली आहे. बॉनेट उघडून खात्री करून घ्या. तुमच्या या इंजिनात टर्बोत तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलरही बंपरमागे नसतो. पाण्याने थंड होणारा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच, थ्रॉटलच्या पुढे बसवलेला आहे. त्यामुळे मीटर जो दाब वाचतो तो थ्रॉटल आणि इंटरकूलर या दोन्हींच्या आधीचा, आणि अ‍ॅपला सहसा मिळतो तो मॅनिफोल्डमधला, दोन्ही ओलांडून आलेल्या हवेचा. फुल थ्रॉटलला या वाटेत दाब थोडा पडणारच. अर्ध्या थ्रॉटलला तर दोन आकड्यांची तुलनाच करू नका, तिथे फरक कितीही मोठा असू शकतो.

आता अ‍ॅपचा 1.10. मॅनिफोल्डचा सेन्सर बूस्ट मोजत नाही, तो एकूण दाब मोजतो, बाहेरच्या हवेचा धरून. त्यातून बाहेरचा दाब वजा केला की बूस्ट निघतो. बरीच अ‍ॅप्स सरसकट समुद्रसपाटीचे 101 किलोपास्कल वजा करतात. समजा सेन्सरने 211 किलोपास्कल वाचले : 211 वजा 101, म्हणजे 110 किलोपास्कल, म्हणजेच 1.10 बार. पण पुणे साधारण 560 मीटर उंचीवर आहे आणि इथे हवेचा दाब 95 च्या आसपास असतो. 211 वजा 95 केले की 1.16 येतात. रीमॅपवाल्याच्या 1.2 पासून हे काही लांब नाही. त्यामुळे अ‍ॅपमधला तयार बूस्ट बघू नका, किलोपास्कलमधला मूळ आकडा बघा आणि वजाबाकी स्वतः करा.

बाहेरचा दाब हवामानाच्या अ‍ॅपवरून मात्र घेऊ नका. तिथे पुण्याचा दाब 1010 हेक्टोपास्कल (म्हणजे 101 किलोपास्कल) वगैरे दिसतो, कारण तो समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. पुण्यातला खरा दाब साठेक हेक्टोपास्कलने कमी असतो. सोपा उपाय म्हणजे की ऑन करा, इंजिन सुरू करू नका आणि मॅनिफोल्डचा मूळ आकडा वाचा. तोच तुमच्या जागच्या हवेचा दाब. तो 95 च्या जवळ आला तर निदान या टोकाला सेन्सरही ठीक आहे. याच वेळी मीटरचा काटा बरोबर शून्यावर हवा.

महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तिथला दाब 86 च्या घरात. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, एकूण दाबाचं लक्ष्य धरून चालतो. ते 211 तसंच ठेवायचं, तर टर्बोला पुण्यापेक्षा 9 किलोपास्कलची जास्त भर घालावी लागते. काट्याच्या मीटरला बाहेरच्या हवेवरचा फरक तेवढा कळतो, म्हणून त्याचे 1.25 चे 1.34 होतात. इंजिनाला हवा जास्त मिळत नाही, टर्बोचे श्रम तेवढे वाढतात. पुण्यात तो आत आलेली हवा सुमारे 2.3 पट दाबत होता, वर गेल्यावर 2.5 पटीपुढे. फेरे वाढतात, हवा जास्त तापते. अनेक गाड्यांचा ईसीयू उंचीवर लक्ष्यच खाली आणतो. तुमच्या रीमॅपमध्ये ती सोय शाबूत ठेवली आहे का, हे मात्र जरूर विचारा. मला 1.2 की 1.25 यापेक्षा ही काळजी मोठी वाटते.

राहिला मीटर. उणे 1 ते 2 बारच्या पट्टीचा, 2.5 वर्गाचा मीटर असेल तर पूर्ण पट्टीच्या अडीच टक्के, म्हणजे 0.075 बार इकडेतिकडे त्याला माफ असतात. तबकडीवर वर्ग छापलेलाच नसेल तर त्याहून जास्त फरक धरा. तपासायचा तर नळी इंजिनाकडून काढा, टी (तीन तोंडांचा जोड) लावून एका बाजूला हातपंप आणि दुसऱ्या बाजूला कॅलिब्रेशन केलेला टेस्ट गेज जोडा. 0.5, 1.0 आणि 1.2 वर दोन्ही वाचून कागदावर लिहा. चढताना आणि उतरतानाही. मग 1 बारवर पंप थांबवून बघत राहा. काटा हळूहळू खाली सरकला तर नळी किंवा जोड गळतोय. टर्बोजवळून जाणारी स्वस्त नळी तापून मऊ पडते, ती आधी बघा.

रीमॅपवाल्याला भेटलात तर नुसतं 'बूस्ट कमी येतो' म्हणू नका. तो लक्ष्य वाढवून देईल आणि तुम्ही खूश व्हाल. डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, एक रन करा. अ‍ॅपवर आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान एवढंच लॉग करा. गाडीचा डेटा मोबाइलला पाठवणाऱ्या ब्लूटूथ डोंगलला दहा गोष्टी विचारल्या तर प्रत्येकीचं उत्तर सावकाश येतं आणि क्षणभर उसळलेला दाब निसटून जातो. हे एक्स्प्रेसवेवर करू नका.

प्रश्न : रीमॅप केलेल्या डिझेल एसयूव्हीत अ‍ॅपवरचा दाब 255 ला जाऊन थांबतो. सेन्सर गेला का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुतेक नाही. ओबीडीच्या, म्हणजे गाडीचा डेटा बाहेर देणाऱ्या प्रमाणित व्यवस्थेच्या, नेहमीच्या यादीत या दाबासाठी एकच बाइट ठेवलेला आहे, त्यात 0 ते 255 किलोपास्कलच मावतात. नाशिकची हवा वजा केली तर साधारण 1.6 बार बूस्टपर्यंतच तुम्हाला दिसतं, त्यापुढे काय चाललंय ते नाही. गाडीच्या कंपनीचा डेटा वाचणारा स्कॅनर लावा. त्यातही आकडा एका जागी सपाट होत असेल, तर सेन्सरचीच मर्यादा संपली असेल. मग ईसीयूलाही पुढचं दिसत नाही, आणि तसं असेल तर रीमॅप खाली आणायला सांगा.

प्रश्न : मीटरची नळी ब्रेक बूस्टरच्या पाइपातून घेतली तर चालेल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. तिथल्या चेक व्हॉल्व्हच्या (एकाच दिशेने हवा जाऊ देणाऱ्या झडपेच्या) पलीकडे बूस्ट पोहोचतच नाही, मीटर साठलेला व्हॅक्यूम दाखवत बसेल. आणि तुमचा टी गळला तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम जाऊन ब्रेकचा पेडल दगडासारखा होईल.