एमबीबीएसनंतर कॅन्सर जेनेटिक्स करायचं तर पेशंट सोडावे लागतात का?

तू विचारलंयस की एमबीबीएसचं शेवटचं वर्ष आहे, कॅन्सर जेनेटिक्समधे संशोधन करायचंय पण पेशंट बघणंही सोडायचं नाहीये, आणि घरचे म्हणतायत की लग्न-मुलं झाली की यातलं एकही धड होणार नाही. मी बरीच वर्षं रक्ताच्या कॅन्सरचे पेशंट आणि सायटोजेनेटिक्सची (म्हणजे पेशीतले क्रोमोसोम, गुणसूत्रं, तपासायची) लॅब असं दोन्हीकडे काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. डिग्र्यांचं शेवटी बघू. आधी जॅनेट राउली या ल्युकेमियातले क्रोमोसोम अभ्यासणाऱ्या अमेरिकन डॉक्टरबद्दल वाच, कारण घरच्यांच्या शंकेला त्यांच्या करिअरइतकं चांगलं उत्तर मला माहीत नाही.

राउलीबाई शिकागोच्या. मेडिकलला अर्ज केला तेव्हा तिथे ६५ पैकी मुलींना फक्त ३ जागा होत्या आणि त्या भरलेल्या, म्हणून त्यांना थांबावं लागलं. १९४८ मधे डॉक्टर झाल्या, दुसऱ्याच दिवशी लग्न केलं, पुढे चार मुलगे झाले आणि कितीतरी वर्षं त्यांनी पार्ट टाइमच काम केलं, त्यात बराच काळ डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या क्लिनिकमधे. १९५९ मधे लेज्यून या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं की या मुलांत २१ नंबरचा क्रोमोसोम एक जास्त असतो, आणि तिथून बाईंना क्रोमोसोमची ओढ लागली. म्हणजे ओढ लागली ती रोज समोर येणाऱ्या पेशंटमुळे, हे लक्षात घे. नंतर नवऱ्याच्या सबॅटिकलमुळे (संशोधनासाठीच्या रजेमुळे) ऑक्सफर्डला जाणं झालं तर तिथे क्रोमोसोम बघायचं तंत्र शिकल्या, परत येऊन लिऑन जेकबसन या रक्तविकारतज्ज्ञांकडे मायक्रोस्कोप, डार्करूम आणि थोडा पगार मागितला, त्यांनी दिला, आणि ल्युकेमियाच्या म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटची सॅम्पलं पण त्यांच्याच विभागातून यायला लागली.

आता मुख्य गोष्ट. १९६० मधे नोवेल आणि हंगरफोर्ड यांना फिलाडेल्फियात क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या म्हणजे सीएमएलच्या पेशंटमधे एक छोटासा विचित्र क्रोमोसोम सापडला होता, ज्याला आपण अजून फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतो. बारा-तेरा वर्षं सगळे धरून चालले होते की याचा तुकडा गळून पडलाय, आणि बऱ्याच लोकांचं मत असं की क्रोमोसोममधली गडबड हा कॅन्सरचा परिणाम आहे, कारण नाही. सत्तरच्या आसपास बँडिंग आलं, म्हणजे क्रोमोसोमवर पट्टे उमटवता यायला लागले आणि कुठला कोण ते नक्की ओळखता यायला लागलं. बाई परत ऑक्सफर्डला जाऊन तेही शिकून आल्या. मग घरी जेवणाच्या टेबलावर फोटो पसरून, एकेक क्रोमोसोम कात्रीने कापून जोड्या लावत बसायच्या. १९७२ मधे त्यांना अक्यूट ल्युकेमियात ८ आणि २१ नंबरच्या तुकड्यांची अदलाबदल दिसली. त्यानंतर सीएमएल बळावलेल्या पेशंटचे फोटो बघताना ९ नंबरच्या टोकाला काहीतरी जादा चिकटलेलं दिसलं, तेव्हा त्यांनी आजार अजून शांत असलेल्या पेशंटच्या पेशी काढून तपासल्या आणि तिथेही तेच. २२ चा तुकडा गळून पडलाच नव्हता, तो ९ वर जाऊन बसला होता. हे १९७३ मधे नेचरमधे छापून आलं. तेव्हा बाई ४८ वर्षांच्या. घरच्यांना हा आकडा जरूर सांग.

पुढचं थोडक्यात सांगतो, ऐंशीच्या दशकात कळलं की ९ वरचा एबीएल आणि २२ वरचा बीसीआर हे दोन जीन जोडले जाऊन जे प्रोटीन तयार होतं ते पेशीला सतत वाढत राहायचा आदेश देतं. ब्रायन ड्रुकर हे ऑरेगॉनचे ऑन्कोलॉजिस्ट, तेही पेशंट आणि लॅब दोन्ही सांभाळणारेच, ते त्या प्रोटीनला अडवणाऱ्या औषधाच्या मागे लागले आणि १९९८ मधे पेशंटवर चाचणी सुरू झाली. रोज ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेणाऱ्या ५४ पैकी ५३ जणांचे ब्लड काउंट नॉर्मलला आले. तेच इमॅटिनिब, अमेरिकेत २००१ ला मान्यता मिळाली. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ ला त्यावरचा पेटंटचा दावा फेटाळला, जेनेरिक मिळत राहिलं, म्हणून आज गावाकडचा सीएमएलचा पेशंट रोज गोळी घेऊन शेतात कामाला जाऊ शकतो. १९६० ते २००१, एवढा पल्ला. या क्षेत्रात यायचं तर हे मनाशी पक्कं कर की तू बघितलेल्या गोष्टीचं औषध व्हायला तुझं अख्खं करिअर जाऊ शकतं.

पेशंट सोडायचे का, तर माझं स्पष्ट मत नाही, सोडू नकोस. लॅबमधे मॅरो (हाडातल्या मगजाचं सॅम्पल) आला की पेशी वाढवायच्या, विभागणीच्या मधेच थांबवायच्या, पातळ द्रावणात फुगवायच्या, फिक्स करून थेंब स्लाइडवर सोडायचा, पट्टे उमटवायचे आणि शक्यतो २० पेशी नीट बघायच्या, याला दिवस लागतात. पण समजा तिशीतली बाई आली, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, प्लेटलेट तळाला, आणि स्मिअरमधे, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्तात, पेशींमधे ऑअर रॉड्स नावाच्या काड्यांचे गठ्ठे दिसतायत. हा एपीएल (अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया) वाटतो. यातली १५ आणि १७ ची अदलाबदल पण १९७७ मधे राउलीबाईंच्याच गटाने दाखवलेली. इथे रिपोर्टची वाट बघायची नसते, संशय आला की एट्रा हे औषध लगेच सुरू करायचं, कारण पेशंट रक्तस्रावाने पहिल्या काही दिवसांतच जाऊ शकतो. ज्याने वॉर्डात हे बघितलंय तो लॅबमधे पहिला प्रश्न विचारतो की उत्तर आजच्या आज कसं देता येईल, आणि फिश किंवा पीसीआर या लवकर उत्तर देणाऱ्या जेनेटिक टेस्ट आधी लावून घेतो. असे प्रश्न नुसतं लॅबमधे बसून सुचत नाहीत.

आता डिग्र्या. एमडी पॅथॉलॉजी करून हिमॅटोपॅथॉलॉजीकडे (रक्त आणि मॅरोच्या आजारांचं लॅबमधलं निदान) वळता येतं, मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्स करून पुढे डीएम ही सुपरस्पेशालिटी डिग्री करता येते, हिमॅटॉलॉजी (रक्तविकार), ऑन्कोलॉजी, किंवा मेडिकल जेनेटिक्स. पीएचडी लगेच करायचा हट्ट नको. क्लिनिकल ट्रेनिंग झाल्यावर डॉक्टरांसाठी इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या फेलोशिप आहेत त्या बघ. पैसे प्रॅक्टिस करणाऱ्या मित्रांपेक्षा कमी मिळतील, बऱ्यापैकी कमी, आणि ग्रँटच्या (संशोधनासाठी मिळणाऱ्या पैशांच्या) मुदती संपत आल्या की ताण येतो, हे घरी आत्ताच बोलून ठेव म्हणजे नंतर कुरबूर होत नाही. जागा निवडताना नावापेक्षा एक बघ, वॉर्ड आणि लॅब एकमेकांशी रोज बोलतात का. टाटा मेमोरियल आणि त्यांचं खारघरचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक यांचं महत्त्व मला वाटतं ते यासाठीच, पण छोट्या ठिकाणीही एखादा चांगला हिमॅटॉलॉजिस्ट आणि चांगली लॅब असली तर शिकायला भरपूर मिळतं.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची संशोधनाची स्कीम आहे, तुझ्या वर्षाला अजून अर्ज करता येतो का ते आधी नियमात बघ. नसेल येत तर इंटर्नशिपमधे सुट्टीच्या दिवशी लॅबमधे जाऊन बसायची परवानगी माग, मेल चार ओळींचा लिही, कुठला आजार आणि नेमकं काय बघायचंय ते लिही, नुसतं "रिसर्चमधे इंटरेस्ट आहे" म्हटलं तर कोणी उत्तर देत नाही. तुझं कॉलेज कुठल्या शहरात आहे ते इथेच कळव, जवळपास सायटोजेनेटिक्स कुठे चालतं ते विचारून सांगतो.