खरी बातमी वेळेवर कानावर यावी म्हणून

पुणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. चाकणच्या कारखान्यातील मशीन शॉपची जबाबदारी तुझ्याकडे आली, हे वाचून मनापासून आनंद झाला. कालपर्यंत कंपनीच्या बसमध्ये ज्यांच्या शेजारी बसत होतीस त्यांना आता काम कसे सांगायचे, वयाने वडीलधारे ऑपरेटर ऐकतील का, चूक दाखवताना माणूस दुखावणार नाही असे कसे बोलायचे आणि वरून येणारा दबाव जसाच्या तसा खाली न ढकलता कसा पेलायचा, असे प्रश्न तू विचारले आहेस. प्रश्न वेगवेगळे असले तरी मला त्यांचे मूळ एकच दिसते. तुझ्या विभागात काय बिघडत चालले आहे हे तुला किती लवकर आणि किती खरेपणाने कळते, यावर तू व्यवस्थापक म्हणून किती उपयोगी पडशील हे ठरणार आहे. या पत्रात मी त्याविषयीच लिहितो.

इंजिनियर म्हणून तू आतापर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहून निर्णय घेत होतीस. जॉब हातात घ्यायचा, मापे तपासायची, टूल बदलायचे की ऑफसेट देऊन, म्हणजे मशीनमधल्या टूलच्या मापात थोडी दुरुस्ती करून, भागवायचे ते ठरवायचे. आता मात्र तीन पाळ्यांपैकी दोन पाळ्यांत तू हजरही नसशील आणि तुझे बहुतेक निर्णय दुसऱ्याने पाहिलेल्या व सांगितलेल्या गोष्टींवर अवलंबून राहतील. ग्रायकुनास नावाच्या व्यवस्थापन सल्लागाराने १९३३ मध्ये एक हिशेब मांडला होता. साहेबाचे प्रत्येकाशी असलेले नाते, माणसांची आपापसांतली नाती आणि त्यांच्या गटांशी येणारे संबंध असे सगळे धरले, तर हाताखाली पाच माणसे असताना ही संख्या १०० होते आणि सहावा माणूस आला की ती एकदम २२२ वर जाते. ही सगळी नाती रोज जागी असतात असे नाही. तरीही एका माणसाने सगळे स्वतः पाहावे ही अपेक्षा किती अशक्य आहे, हे त्यावरून ध्यानात येते. तुझ्या नजरेला जे पडणार नाही ते कोणीतरी आपण होऊन तुला सांगितले पाहिजे, आणि सांगणे न सांगणे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर असते.

भोसरीच्या एका कारखान्यात मी पाहिलेली गोष्ट सांगतो. तिथे रात्रपाळीला एक जुने सेटर, म्हणजे कामासाठी मशीन जुळवून देणारे कारागीर, होते. एका टर्निंग सेंटरच्या स्पिंडलचा, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा, आवाज बदलला आहे, बेअरिंग एकदा बघून घ्यावे, असे त्यांनी सुपरवायझरला सांगितले. महिनाअखेर होती आणि डिस्पॅचची घाई होती. सुपरवायझर चारचौघांत म्हणाला, “मामा, आवाज नंतर ऐका, आधी नग काढा.” आजूबाजूचे हसले. मामा काही बोलले नाहीत, मशीनकडे गेले आणि त्यांनी नग काढले. पुढे ते बेअरिंग जाम झाले, स्पिंडल उतरवावा लागला आणि ग्राहकाचा माल अडकला. चौकशीत मामांना विचारले, “तुम्हाला कळलं होतं, तर पुन्हा का नाही सांगितलं?” ते शांतपणे म्हणाले, “एकदा सांगितलं होतं की.” त्या सुपरवायझरला यंत्राचे ज्ञान चांगले होते आणि तो कष्टाळूही होता. पण एका वाक्याने त्याने त्या शॉपमधल्या सर्वांत जाणत्या कानाचा उपयोग गमावला. शिवाय भोवती उभ्या असलेल्या पोरांनाही तोच धडा मिळाला, की इथे बिघाड सांगणाऱ्याचे हसे होते.

यातली अडचण अशी की गप्प बसलेला विभाग वरून अगदी सुरळीत दिसतो. एमी एडमंडसन या अमेरिकन अभ्यासिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. ज्या गटांत एकोपा आणि नेतृत्व चांगले, तिथे औषधांच्या चुका कमी असतील अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, म्हणजे चांगल्या गटांतच चुकांची नोंद जास्त निघाली. अधिक खोलात गेल्यावर तिला उलगडले, की त्या गटांतली माणसे चुका उघडपणे बोलत होती आणि इतर ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. तुझ्या शॉपमध्ये पहिल्या काही महिन्यांत रिजेक्शनची नोंद वाढलेली दिसली तर घाबरू नकोस. आधी हे तपास, की खराब माल खरोखर वाढला आहे, की जो पूर्वी गुपचूप रीवर्कला, म्हणजे पुन्हा दुरुस्तीला, जात होता तो आता वहीत येऊ लागला आहे.

टोयोटाच्या कारखान्यांत लाईनवरच्या कोणाही कामगाराला दोष दिसताच दोरी ओढून मदत बोलावता येते. प्रश्न ठरलेल्या वेळेत सुटला नाही तर लाईन थांबते. आपल्याकडच्या अनेक कारखान्यांनीही तसे दिवे आणि बटणे बसवली. मात्र बटण दाबल्यावर पहिल्या मिनिटात जो माणूस धावत येतो त्याच्या चेहऱ्यावर काय असते, यावर ती व्यवस्था चालते की बंद पडते हे ठरते. म्हणून वाईट बातमी आणणाऱ्याशी तुझे पहिले वाक्य काय असेल, याचा आधीच विचार करून ठेव. “बरं झालं लगेच सांगितलंत, चला बघू,” एवढे पुरे. कोणी केले, का केले हे नंतर विचारता येते आणि ते विचारायलाच हवे, पण बातमी सांगितल्याची शिक्षा झाली असे त्या माणसाला त्या क्षणी वाटता कामा नये. त्यानंतर तू काय केलेस हे त्याला परत येऊन सांग. मेंटेनन्सला कळवले, त्यांनी गुरुवारच्या सुट्टीत बेअरिंग बदलायचे ठरवले आहे, किंवा अमुक कारणाने आता बदलता येत नाही, असे जे असेल ते सांग. तक्रार ऐकून घेणारे साहेब पुष्कळ असतात. उत्तर घेऊन परत येणारे थोडे असतात, आणि लोक पुढच्या वेळी त्यांच्याकडेच जातात.

पाळी बदलताना शॉपवर हजर राहायची सवय लाव. निदान पहिली पाळी सुटून दुसरी लागते ती वेळ तरी चुकवू नकोस. जाणारा माणूस बसच्या घाईत असतो, येणारा अजून कामात शिरलेला नसतो, आणि नेमक्या त्याच वेळी “मशीन ठीक आहे” या तीन शब्दांत आठ तासांचे अनुभव संपवले जातात. तिथे उभी राहून “सगळं ठीक ना?” असे विचारलेस तर “हो मॅडम” एवढेच उत्तर मिळेल. “आज कोणत्या मशीनने सर्वांत जास्त वेळ खाल्ला?” असे विचारलेस तर माणसाला काहीतरी सांगावेच लागते. असे नेमके, काम ठाऊक असलेल्या माणसाचे प्रश्न तू विचारू शकतेस, कारण तू त्याच शॉपमध्ये वाढली आहेस.

आता वडीलधाऱ्या ऑपरेटरांविषयी. त्यांना काका, मामा म्हणत आलीस तसेच म्हणत राहा. खुर्ची मिळाली म्हणून हाक बदलण्याचे कारण नाही आणि हाक आदराची आहे म्हणून सूचना ढिली करण्याचेही कारण नाही. मेरी पार्कर फॉलेट या विचारवंत बाईंनी १९२० च्या दशकात आग्रहाने सांगितले होते, की हुकूम माणसाने माणसाला देण्याऐवजी दोघांनी मिळून परिस्थिती काय मागते ते पाहावे आणि तिचा हुकूम पाळावा. मला हा विचार आपल्या शॉप फ्लोअरला फार जवळचा वाटतो. “मी सांगते म्हणून फर्स्ट पीस तपासून घ्या” यात वयाचा आणि मानाचा प्रश्न उभा राहतो. “काका, काल या डायमीटरवर ग्राहकाने माल परत केला आहे, म्हणून सेटिंग झाल्यावर पहिला नग क्वालिटीला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही” यात काम बोलते, आणि काम समोर ठेवले की अनुभवी माणूस सहसा त्याचा अपमान करत नाही. एवढे करूनही कोणी मुद्दाम डावलत असेल, तर त्याला एकटे गाठून स्पष्ट शब्दांत विचार. कानाडोळा केलास तर बाकीचे ते पाहत असतात.

बरोबरीच्या मित्रमैत्रिणींचा प्रश्न याहून नाजूक आहे. डबा त्यांच्यासोबत खायचा की नाही, असे तू विचारले आहेस. जरूर खा, पण रोज त्याच टेबलावर बसू नकोस. तिथे बसलेल्यांना पगारवाढीच्या, बदलीच्या बातम्या आधी कळतात अशी कुजबूज एकदा सुरू झाली, की बाकीचे तुझ्याजवळ मोजून मापून बोलू लागतात.

पक्षपाताची खरी परीक्षा रजेच्या वेळी होते, आणि ती तुला लवकरच द्यावी लागेल. गौरी-गणपतीला कोकणातल्या मंडळींना गाव गाठायचे असते, ज्येष्ठात पालखी आळंदीहून निघाली की काहींना वारीला जायचे असते, मराठवाड्यातल्यांना पेरणी-सुगीची ओढ असते आणि बिहारकडच्या मुलांना छठला घरी जायचे तर आधी रेल्वेचे तिकीट मिळवावे लागते. या सर्वांची मागणी रास्त आहे आणि सगळ्यांना एकदम सोडणे अशक्य आहे. जो आधी भेटला किंवा ज्याने गळ घातली त्याला रजा, ही पद्धत सर्वांत वाईट. वर्षाचे कॅलेंडर सर्वांसमोर भिंतीवर लाव, कोणाला कोणते दिवस हवेत ते त्यांच्याच हाताने लिहू दे, गेल्या वर्षी ज्याने सण सोडून मशीन चालवले त्याला यंदा पहिला हक्क दे, आणि कॉन्ट्रॅक्टच्या मुलांची नावे त्याच कागदावर असू देत. कोणाला नकार द्यावा लागला तर तो कारणासह आणि वेळेवर दे, म्हणजे तिकिटाचे पैसे वाया जाणार नाहीत. जिथे रजा खरे बोलून मिळते, तिथे ऐन सणात आजारी आजीचे फोन येत नाहीत आणि तुझे मनुष्यबळाचे नियोजन खऱ्या आकड्यांवर उभे राहते.

काम सोपवण्याबाबत तुझ्याकडून एक धोका संभवतो. तुला काम उत्तम येते, त्यामुळे कोणी अडखळला की तू त्याच्या हातातून काम घेशील. त्या दिवशी डिस्पॅच वाचेल, पण तो मुलगा शिकणार नाही, आणि पुढच्या वेळी अडल्याचे सांगायलाही लाजेल. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पिंपरीत पाऊल ठेवले तेव्हा कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी माणसे घडवण्यावर आणि यंत्रे-डाय स्वतः बनवण्याच्या कौशल्यावर भर दिला. पुण्याच्या आसपास आज जे हुशार टूलमेकर आणि सेटर दिसतात, त्यांच्यामागे अशा शिकाऊ उमेदवारीची मोठी परंपरा आहे. काम देताना काय हवे, केव्हा हवे आणि कोणत्या टप्प्यावर तुला विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही, हे सांग. मग त्याला त्याच्या पद्धतीने करू दे.

चूक दाखवायची ती त्याच दिवशी, एकांतात आणि कामाच्या शब्दांत. “तुमचं लक्ष नसतं” हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्यावर माणूस काहीच करू शकत नाही. “बुधवारी इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये मापे न घेता आकडे भरलेले दिसले” हे ऐकायला कठोर आहे, पण त्याचे उत्तर देता येते. असे बोलणे वर्षभर साठवून अप्रायझलच्या, म्हणजे वार्षिक मूल्यमापनाच्या, खोलीत काढणे हा मी अन्याय समजतो. त्या खोलीत कोणालाही नवे काही ऐकू येऊ नये. ठरावीक टक्के माणसांना खालच्या श्रेणीत टाकायचेच, अशी सक्तीची पद्धत मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने २०१३ मध्ये सोडून दिली. तुझ्या कंपनीत ती अजून असेल तर तुला तिच्या चौकटीत राहावे लागेल. तरी खालची श्रेणी मिळालेल्या माणसाला ती का मिळाली हे तू स्वतः, नोंदी समोर ठेवून सांग. एचआरच्या मेलवर ते काम सोडू नकोस.

वरच्या दबावाचा तुझा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण खालच्यांनी तुला खरे सांगावे अशी अपेक्षा करणारी तू वर मात्र गोड आकडे दिलेस, तर सगळे तिथेच अडेल. रविवारी संध्याकाळी प्लांट हेड विचारतील, “सोमवारी गाडी भरेल ना?” भरणार नसेल तर त्याच वेळी सांग, किती नग कमी पडतील ते सांग, आणि जादा पाळी लावायची की ग्राहकाशी बोलून दोन खेपांत माल द्यायचा, हे पर्यायही पुढे ठेव. जादा पाळी ठरली तर तिचे दुप्पट दराने वेतन हिशेबात धर. १९४८ च्या कारखाना अधिनियमापासून तो कामगाराचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. साहेब रागावतील. तो राग तुझ्यापाशी थांबव आणि शॉपवर फक्त बदललेला प्लॅन घेऊन जा.

काही गोष्टी मात्र तू एकटीने पोटात ठेवायच्या नाहीत. एखाद्या मुलीने लैंगिक छळाची तक्रार तुझ्याजवळ बोलून दाखवली तर समजूत घालून मिटवण्याच्या भरीस पडू नकोस. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, तिच्याकडे जाण्यासाठी त्या मुलीला साथ दे. सेफ्टी गार्ड काढून मशीन चालवलेले दिसले तर डिस्पॅच कितीही अडलेला असो, मशीन बंद कर.

येत्या महिन्यात प्रत्येकाला वीस मिनिटे तरी वेगळे भेट, कॉन्ट्रॅक्टच्या मुलांनाही. ऑफिसात बोलावण्यापेक्षा टी ब्रेकनंतर त्यांच्या मशीनपाशी उभी राहा आणि विचार, “तुमच्या कामात रोज नडणारी एक गोष्ट कोणती?” उत्तरे वहीत लिही. त्यातल्या ज्या दोन-तीन गोष्टी तुझ्या अखत्यारीत आहेत, मग तो गळणारा कूलंट असो, मोडकी ट्रॉली असो की तिसऱ्या पाळीला मिळणारा गार चहा असो, त्या महिन्याच्या आत दुरुस्त करून घे. ती यादी मलाही पाठव. मेंटेनन्सकडून कामे लवकर कशी करून घ्यायची, याविषयी मग सविस्तर लिहीन.

कळावे, लोभ असावा.

तुझा शुभचिंतक