ड्राफ्ट वाचायला शिकताय? डेट्रॉइटपासून सुरुवात करा

ड्राफ्ट म्हणजे संघांनी फेऱ्याफेऱ्यांनी, आळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडणं. एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) बत्तीस संघांचे तक्ते एकदम उघडू नका, गोंधळ उडेल. एकच संघ घ्या, डेट्रॉइट रेड विंग्ज, आणि एकच वर्ष: 1989. त्या वर्षी पहिल्या फेरीत त्यांनी माइक सिलिंजर घेतला. चांगला खेळाडू, पण खरा खजिना खाली होता. निक्लास लिडस्ट्रॉम 53वा, सर्गेई फेडोरोव 74वा, व्लादिमिर कॉन्स्टॅन्टिनोव तर 221वा! फेडोरोव, कॉन्स्टॅन्टिनोव यांच्यासारखे सोव्हिएत खेळाडू अमेरिकेत येऊ शकतील याची खात्री नव्हती, म्हणून बाकीचे संघ कचरत होते. डेट्रॉइटने धाडस केलं. मला अजूनही हे वर्ष वाचताना अंगावर काटा येतो.

नवखे लोक हमखास करतात त्या चुका:

- फक्त पहिली फेरी पाहणं. पावेल दात्स्यूक (1998) 171वा आणि हेन्रिक झेटरबर्ग (1999) 210वा होता.
- घाईने निकाल देणं. मुलं अठराची असतात. दात्स्यूक निवडीनंतर तीन वर्षांनी एनएचएलमध्ये उतरला. निदान पाच वर्षं थांबा.
- अदलाबदल विसरणं. डेट्रॉइटने 1990मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला कीथ प्रिमो पुढे ब्रेंडन शॅनहॅन हा खेळाडू मिळवण्यासाठीच्या सौद्यात दुसऱ्या संघाकडे गेला. त्या निवडीचा हिशेब तिथपर्यंत न्यावा लागतो.

आकडेवारीची प्रगत मोजमापं सध्या बाजूला ठेवा. एका वहीत खेळाडू, क्रमांक, खेळलेले सामने एवढंच लिहा. 1989 झालं की 1990 घ्या.