ऑनलाइन स्वतःची ओळख करून देताना काम, छंद, श्रद्धा, ध्येय हे सगळं कसं सांगावं? तुम्ही कसं सांगता?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की बायो लिहायला बसलं की 'अकाउंट्समध्ये आहे, फिरायला आवडतं' याच्या पुढं गाडी जात नाही, आणि बाकीचे लोक स्वतःबद्दल एवढं काय काय लिहितात तेच कळत नाही. माझी पण गाडी तिथंच रुतायची. दोनदा तोंडावर पडलो आणि तिसऱ्यांदा जरा जमलं, तेवढंच सांगतो.

मी कोल्हापूर जिल्ह्यातला, वय ४४, एका सहकारी साखर कारखान्यात १९ हंगाम झाले. पखवाज वाजवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, तिथं नवीन आलेल्यानं ओळख द्यायची पद्धत आहे, तर मी आपलं भारदस्त लिहिलं, 'साखर उद्योगात कार्यरत'. झालं. दोन दिवसात एकानं मला चेअरमन साहेब म्हणून नमस्कार घातला आणि दुसऱ्यानं दिवाळीला दोन पोती कारखाना रेटनं मिळतील का विचारलं. 'कार्यरत' शब्दच असला आहे की त्यात शिपाई पण बसतो आणि एमडी पण. मग ते खोडलं आणि सरळ हुद्दा लिहिला, पॅनमन. तर अकोल्याकडच्या एका ताईंचा मेसेज, दादा माझ्या पॅनकार्डवर वडिलांचं नाव चुकलंय, दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील? आता काय सांगणार. आणखी एकानं तर टपरी कुठल्या चौकात आहे असं विचारलं, तो चेष्टा करत होता का खरंच विचारत होता ते मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या वेळी बायकोनं सुचवलं. ती रव्याच्या लाडवाचा पाक करत होती, मी कट्ट्याला टेकून मोबाइल घेऊन बसलेलो, काय लिहू काय लिहू चाललेलं. तिनं उलथन्यावरचा थेंब बोटावर घेतला, अंगठ्यानं दाबून तार ओढली आणि म्हणाली, हेच लिहा की, तुम्ही तिकडं दुसरं काय करता? मग मी लिहिलं, 'लाडवाचा पाक झाला का नाही ते घरी बोटावर तार ओढून बघतात ना, मी तेच काम करतो, फक्त एका वेळेला ६० टनाचं.' त्या एका वाक्यावर जेवढी माणसं बोलायला आली तेवढी १९ वर्षात माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं नव्हतं, घरच्या पाहुण्यांनी सुद्धा नाही.

आता विचारलंयच तर काम जरा सांगतो, कारण मला त्याच्यात रस आहे आणि कुणी ऐकत नाही. उसाचा रस काढला, चुना आणि गंधकाचा धूर देऊन साफ केला, आटवून सिरप केलं, इथपर्यंत बाकीच्यांचं काम. ते सिरप वर आमच्या पॅन फ्लोअरला येतं. पॅन म्हणजे कढई नव्हे, उभी बंद टाकी, आत वाफेच्या नळ्या आणि वरनं हवा ओढून व्हॅक्युम केलेला, काट्यावर २५-२६ इंच पारा दाखवणारा. व्हॅक्युम कशासाठी, तर उघड्यावर साखरेचा एवढा दाट माल उकळायचा म्हटलं तर १०० डिग्रीच्या वर जावं लागतंय आणि साखर करपून लाल होते, आत हवा काढून घेतली की तोच माल ६०-६५ डिग्रीला खदखदतोय आणि पांढरा राहतोय. मग माल एका ठरावीक दाटपणाला आला की त्यात बी सोडायचं. बी म्हणजे साखरच, एकदम बारीक दळलेली, स्पिरिटमध्ये कालवलेली. त्या प्रत्येक कणावर साखर बसत जाते आणि दाणा मोठा होतो. तुम्ही दुकानातनं आणता ती एस-३० नाहीतर एम-३०, एस म्हणजे बारीक दाणा आणि एम म्हणजे मध्यम. तो दाणा पोत्यात भरताना ठरत नाही, वर पॅनवर ठरतो.

दाणा बघायचा कसा, तर टाकीला एक पितळी दांडा असतो, प्रूफ स्टिक म्हणतात, तो फिरवून बाहेर ओढला की त्याच्या खाचेत थोडा माल येतो. तो काचेच्या तुकड्यावर घ्यायचा, बोटानं पातळ पसरायचा आणि बल्बसमोर धरायचा. दाणे सारखे दिसले पाहिजेत, कडा धारदार, आणि दोन दाण्यांच्या मधला रस स्वच्छ. मधे धुरळा दिसला की समजायचं वाट लागली. मीटर आहेत सगळे, ब्रिक्सचा म्हणजे मालाच्या दाटपणाचा आहे, टेंपरेचरचा आहे, पण आमच्याकडं अजून जुनी माणसं आधी काच बघतात आणि मग मीटर.

मी हेल्पर होतो तेव्हा दुसऱ्याच हंगामात एक पॅन घालवलेला. रात्री आठ ते पहाटे चारची शिफ्ट, तात्या म्हणजे आमचे मुख्य पॅनमन चहाला खाली गेलेले, मला म्हणाले नुसतं बघत बस, कशाला हात लावू नको. मी खरंच हात लावला नाही, तीच चूक झाली. व्हॅक्युम एकदम वर चढला, माल गार पडत गेला, अशा वेळी लगेच गरम पाणी द्यायचं असतं आणि मी काट्याकडं नुसता बघत बसलो, सांगितलेलं पाळत. काच धरली तर धुरळाच धुरळा. बारीक नवा दाणा सुटलेला, असा माल खाली साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या मशीनला गेला की जाळ्या चोंदतात आणि निम्मी साखर मळीत जाते. तात्या आले, काच बघितली, मला एक शब्द बोलले नाहीत, पाणी सोडून तो बारीक दाणा विरघळवत बसले, दोन तास गेले त्यात, आणि खाली मिलवाले बोंबलायला लागले की टाक्या भरल्या. चीफ केमिस्टांनी सकाळी जे बोलायचं ते बोलले. तात्या त्यांना म्हणाले, माझ्या हातनं झालं. त्या दिवसापासनं 'आज्ञाधारक' हा शब्द मी माझ्या कुठल्याच बायोत लिहीत नाही.

हंगाम दिवाळीच्या आसपास चालू होतो आणि बहुतेक वेळा मार्चमध्ये संपतो, मग दुरुस्तीची कामं, आणि हातात वेळ. छंद त्या वेळेतला. गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो, आठवीत असल्यापासनं. त्याचीही एक गोष्ट लोकांना माहीत नसते म्हणून सांगतो. पखवाजाच्या उजव्या पुडीला काळी शाई असते ती कायमची, पण डाव्या पुडीला दर वेळी ताजी कणीक लावावी लागते, गव्हाच्या पिठाची, आणि वाजवून झालं की खरवडून काढायची. कणीक घट्ट झाली तर आवाज बसतो, सैल झाली तर फडफडतो, आणि जास्त लावली तर नुसता ढब्ब. वाजवता वाजवता ती वाळत जाते म्हणून मधेच पाण्याचं बोट फिरवायचं. घरी पीठ मळताना बायकोला मी एकदा म्हणालो की थोडं पाणी कमी पडलंय, त्यावर जे उत्तर मिळालं ते इथं लिहिता येत नाही. मी काही मोठा वादक नाही. भजनी ठेका चोख, लग्गी बरी, आणि गायकाला पुढं पळू देत नाही, एवढंच माझं नाव आहे पंचक्रोशीत.

श्रद्धेचं मात्र मला आजपर्यंत एका ओळीत सांगता आलेलं नाही. वडील माळकरी होते, एकादशी, काकडा, सप्ताह, सगळं. घरात मीच एकटा बिनमाळेचा. कारण लाजिरवाणं आहे पण खरं तेच सांगायचं ठरलंय, मला तांबडा-पांढरा सुटत नाही. माळ घातली की मटण बंद, आणि आमच्याकडं बुधवार आणि रविवार म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. वडिलांनी कधी जबरदस्ती केली नाही, फक्त रविवारी जेवायला माजघरात न बसता सोप्यात पाट टाकून बसायचे. आणि तरी मंडळात पखवाज मीच वाजवायचो, माझ्याशिवाय दुसरा कुणी नव्हता म्हणून असेल, पण एकदा एका पाहुण्या महाराजांनी विचारलं की मृदंगवाल्याच्या गळ्यात माळ दिसत नाही, तर वडीलच म्हणाले, हाताला आहे त्याच्या.

देव आहे का नाही यावर मी ग्रुपवर भांडत नाही. हंगामाच्या सुरुवातीला बॉयलरची पूजा होते, उसाच्या मोळीची होते, पहिल्या पाच पोत्यांची होते, आणि पहिला पॅन घ्यायच्या आधी आम्ही पॅनला नारळ फोडतो. दाणा बीमुळं धरतोय हे मला पक्कं माहीत आहे, नारळामुळं नाही. पण नारळ न फोडता व्हॉल्व्हला हात लावायचा म्हटलं तर माझा हात जात नाही. हे दोन्ही खरं आहे, आणि बायोमधे 'आस्तिक' का 'नास्तिक' विचारतात तिथं मी रकाना मोकळा सोडतो.

ध्येय. मुलीचं शिक्षण आणि बोअरचं कर्ज ही दोन सगळ्यांची असतात ती माझीपण आहेत. युगांडाला जायचं एक होतं, आपल्याकडचे बरेच पॅनमन आफ्रिकेत साखर करायला जातात, पगार चांगला, पण घरातनं नाही म्हणाले आणि खरं सांगायचं तर मला पण बरंच वाटलं. वारीचं एक आहे. आतापर्यंत फक्त वाखरी ते पंढरपूर चाललोय, तो शेवटचा टप्पा, ते म्हणजे लग्नाला जाऊन नुसतं ताट वाढून घेण्यासारखं. आळंदीपासनं गळ्यात पखवाज अडकवून अख्खं चालायचंय, जवळजवळ तीन आठवडे. जूनमधे कारखाना बंद असतो पण शेत चालू असतंय, तिथं अडतंय.

आणि एक वही आहे. दोनशे पानी, तिच्यात मी पॅनचं सगळं मराठीत लिहून काढतोय, कुठल्या उसाला माल कसा वागतो, शिळा ऊस आला की तार कशी चिकट लागते पण दाणा धरत नाही, काचेवर काय दिसलं की काय करायचं. पुस्तकं आहेत, पण इंग्रजीत, आणि नवीन हेल्पर पोरं आयटीआय करून आलेली असतात, हुशार असतात, पण इंग्रजी पुस्तक उघडत नाहीत. आता नवीन पॅन आपोआप चालणारे आलेत, स्क्रीनवर सगळं दिसतं, पुढं हे काम राहील का नाही कोण जाणे. तात्या रिटायर झाले तेव्हा त्यांच्या डोक्यातलं सगळं त्यांच्याबरोबर घरी गेलं आणि आता ते गोठ्यात बसून म्हशीला सांगतात. माझं तसं नको. ६३ पानं झालीत. अक्षर वाईट आहे.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंय 'अकाउंट्समध्ये आहे'. ते खोडा आणि ३१ मार्चच्या रात्री तुमच्या टेबलावर नेमकं काय चाललेलं असतं ते दोन ओळीत लिहा, कुठला आकडा जुळत नसतो, कुणाला फोन करावा लागतो, चहा कितीवा असतो. 'फिरायला आवडतं' मधे शेवटचं कुठं गेला होता आणि तिथं काय बिनसलं ते लिहा. श्रद्धेचं जमलं तर लिहा, नाही जमलं तर मोकळं सोडा, कुणी मार्क कापत नाही. आणि ते खाली कमेंटमधे टाका, मला खरंच वाचायचंय, आमच्याकडं अकाउंट्सवाले फक्त पगार कापायला भेटतात.

निघतो आता, आठची शिफ्ट आहे. बायकोनं डबा भरून ठेवलाय, आणि आज बुधवार आहे.